घर क्रमांक एकोणीसचा विरोध

स्टेनोकाकांच्या इतिवृत्तात कधी दुरुस्ती निघाली नाही, ही गोष्ट त्यांना स्वतःला जितकी ठाऊक होती तितकी वसाहतीत दुसऱ्या कुणाला नव्हती. बाकीच्यांना इतिवृत्ताशी देणंघेणंच नव्हतं. फाटकाजवळच्या काचेच्या फलकात प्रत्येक सभेनंतर दोन-तीन टाइप केलेले कागद लागायचे, आठ दिवस राहायचे आणि निघायचे. ते वाचायला कुणी थांबलाच तर तो बहुतेक रिक्षाची वाट बघत असायचा. पण काकांनी चौतीस वर्षं एका मोठ्या कार्यालयात साहेबांच्या बैठका लघुलिपीत उतरवून घेतल्या होत्या. निवृत्तीनंतर इथे घर घेतलं आणि रहिवासी संघाने सभांचं लिखाण त्यांच्या गळ्यात घातलं, तेव्हा त्यांना नोकरी परत लागल्याचा आनंद झाला.

वसाहत बासष्ट घरांची. सगळी घरं एका साच्यातली, प्रत्येकापुढे दोन खाटा मावतील एवढं अंगण आणि कंबरेइतकं कुंपण. कुंपण किती उंच, फाटकाला कोणता रंग, कचऱ्याचा डबा किती वाजता बाहेर आणि किती वाजता आत, सगळं नियमावलीत होतं. नियमावली चोवीस पानांची. घर घेताना शेवटच्या पानावर प्रत्येकाने सही केली होती आणि आधीची तेवीस पानं वाचली असं खोटंच सांगितलं होतं. ती खरोखर वाचलेलं माणूस सबंध वसाहतीत एकच होतं, एकोणीस नंबरच्या नर्सबाई. औषधाच्या बाटलीवरचा शेवटचा बारीक शब्दही वाचल्याशिवाय बूच उघडायचं नाही, ही त्यांची उभ्या जन्माची सवय.

नर्सबाईंनी लग्न केलं नव्हतं. आई गेल्यावर धाकटा भाऊ त्यांच्या पदरात आला होता. भावाचं वय पन्नाशीला टेकलेलं, समज मात्र आठ-नऊ वर्षांच्या मुलाची. त्याला जगात एकच काम यायचं आणि ते तो फार चांगलं करायचा. सायकलीत हवा भरायचा. बाईंनी त्याच्यासाठी अंगणात कुंपणाला लागून पत्र्याची एक टपरी उभारून दिली होती, जेमतेम एक माणूस आणि एक पंप मावेल एवढी. पुढे उचलायची फळी. बरोबर नऊला फळी वर, एकला खाली. कुणाकडून काही घ्यायचं नाही. चाकावर अंगठा दाबून बघायचा, पंप मारायचा, पुन्हा अंगठा दाबायचा आणि म्हणायचं, "झालं. जा आता." सगळी वसाहत त्याला पंपशेठ म्हणायची आणि त्या शेठपणाचा त्याला अभिमान होता. स्टेनोकाका दिवसाआड त्याच्याकडे हवा भरून घेत. चाकात हवा असली तरी घेत, कारण एखादा दिवस चुकला तर पंपशेठ दुसऱ्या दिवशी विचारायचा, काल सायकल आजारी होती का.

भानगड सुरू झाली ती सात नंबरवाल्यामुळे. त्याने आपल्या गाडीसाठी अंगणभर निळं छप्पर घातलं, थेट रस्त्यापर्यंत. संघाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. हलणारी गोष्ट दिसली की उपटायची, हा त्यांचा खाक्या दवाखान्यापुरता नव्हता. त्यांनी वार्षिक सभेत ठराव आणला की घरापुढच्या मोकळ्या जागेत कसलंही छप्पर, टपरी किंवा आडोसा असणार नाही, असलेला काढून टाकावा. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ते निळं छप्परच होतं. माना डोलल्या. अध्यक्षांनी विचारलं, "कुणाचा विरोध?"

मागच्या रांगेतून नर्सबाई उठल्या. त्या म्हणाल्या, "माझा विरोध आहे. घर क्रमांक एकोणीस. लिहून घ्या." एवढं म्हणून त्या खाली बसल्या. सभा संपत आली होती, लोकांना घरची घाई होती. अध्यक्ष हसून म्हणाले, ताई, तुमच्या टपरीचं कोण काय करतंय, आणि पुढच्या विषयाकडे वळले. काकांनी मात्र सवयीप्रमाणे वहीत शब्दन् शब्द उतरवला होता. कुणी उभं राहून बोललं की ते ओळीआधी एक बारीक गोल काढत. तो गोलही काढला.

मग घरी बसून त्यांनी इतिवृत्त पक्कं केलं. छपराचा ठराव आला तेव्हा त्यांच्या बोटांनी आपणहून टाइप केलं, 'एकमताने मंजूर.' कार्यालयात त्यांच्या वरिष्ठांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की भांडण बैठकीत राहू द्यायचं, कागदावर शांतता हवी. चौतीस वर्षं त्यांनी असंच लिहिलं. साहेब एकमेकांच्या अंगावर धावून गेले तरी कागदावर 'सविस्तर चर्चेअंती एकमताने.' त्या शब्दांत त्यांना कपाटातल्या घडी केलेल्या कपड्यांसारखी नीटस गोडी वाटायची. बाईंचं बोलणं गाळताना त्यांच्या मनात पापाचा लवलेशही नव्हता. गाळतोय हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

कागद आठ दिवस फलकात लागले. एरवी नर्सबाईंनी ते वाचले असते. पण त्या आठवड्यात पंपशेठला ताप होता आणि बाई त्याच्या उशाशी बसून होत्या. नवव्या दिवशी कागद निघाले आणि इतिवृत्त कायम झालं.

दोन महिन्यांनी नोटिसा निघाल्या. एक सात नंबरला, एक एकोणीसला. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते असं. सात नंबरवाल्याने मुकाट्याने छप्पर उतरवलं आणि गाडी विकून लहान गाडी घेतली. नर्सबाईंनी संघाला पत्र लिहिलं. नियमावलीचं एकविसावं पान काढून त्यांनी दाखवून दिलं की नियम मंजूर होताना ज्या सभासदाने सभेत विरोध नोंदवला असेल, त्याच्याकडे आधीपासून असलेली गोष्ट तो इथे राहतो तोवर तशीच ठेवता येते. कलम जुनं होतं, वसाहत बांधली तेव्हाचं, आणि सगळे ते विसरून गेले होते. काकाही. पत्र वाचल्यावर त्यांना मागच्या रांगेतून उठलेल्या बाई आठवल्या.

सुनावणी संघाच्या ऑफिसात झाली. ऑफिस म्हणजे पंपहाउसशेजारची खोली, एक लांब टेबल आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या सात खुर्च्या. समितीचे पाच जण, टोकाला वही घेऊन काका, समोर मांडीवर पिशवी धरून बसलेल्या नर्सबाई. अध्यक्षांनी पक्कं इतिवृत्त वाचून दाखवलं. एकमताने मंजूर. बाई शांतपणे म्हणाल्या की मी उभी राहून विरोध केला होता, लिहून घ्या असंही म्हटलं होतं, आणि ते यांच्याकडे बघून म्हटलं होतं.

"यांच्या वहीत असेल," त्या म्हणाल्या. "भाऊ, बघा ना वहीत."

काकांनी वही उघडली. पान लगेच सापडलं. ओळीआधीचा बारीक गोल, पुढे लघुलिपीच्या आकड्या आणि टिंबं, एकोणीसचा आकडा. खोलीत आणखी सहा माणसं होती आणि त्यातल्या एकालाही ते वाचता येत नव्हतं. काकांनी एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. आपण चुकलो हे सांगायला चार शब्द पुरले असते. पण त्या चार शब्दांच्या आड चौतीस वर्षं उभी होती, कधीही दुरुस्ती न निघालेली, आणि ती तसूभर हलेनात. अध्यक्षांनी विचारलं, "काका, आहे का काही?"

"पक्कं इतिवृत्त हेच अधिकृत धरतात," काका म्हणाले. "ते आठ दिवस फलकात लावलं होतं. हरकत आली नाही."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. नर्सबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. इस्पितळात त्यांनी खोटं बोलणारे नातेवाईक पुष्कळ पाहिले असतील, पण काकांना वाटलं की अशा नजरेने बाईंनी त्यांतल्या कुणाकडे पाहिलं नसेल. त्या फक्त "बरं" म्हणाल्या, पिशवी उचलली आणि गेल्या. समितीने टपरी काढायला पंधरा दिवसांची मुदत दिली. काकांनी तेही लिहून घेतलं.

घरी बायकोने विचारलं, काय झालं. काकांनी सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिने हात थांबवला.

"वहीत होतं की नव्हतं?"

"होतं."

"अहो, मग? ते जगात एकट्या तुम्हाला वाचता येतं. तुम्ही नाही वाचायचं तर कुणी?"

काकांनी तिला समजावायचा प्रयत्न केला की कच्चं टिपण आणि पक्कं इतिवृत्त यांत फरक असतो, एकदा कायम झालेला कागद असा उठून बदलता येत नाही, त्याची पद्धत असते. ती ऐकत राहिली आणि मग पुन्हा भाजी निवडू लागली. चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्यांच्याशी भांडणं पुष्कळ केली होती. न भांडण्याची ही पहिलीच वेळ होती आणि ती काकांना जड गेली.

पंधरा दिवस म्हणजे काही कमी नव्हे. रोज सकाळी काका ठरवत, आज सांगायचं. रोज एखादं निमित्त निघे. नवव्या दिवशी ते खरंच अध्यक्षांच्या दवाखान्यात गेले. एका पेशंटचं तोंड उघडं ठेवून डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, आता हे उकरून काढलं तर उद्या सात नंबरवालाही येईल, मीही विरोध केला होता म्हणेल, आणि तुमच्या इतिवृत्तावर मग कोण विश्वास ठेवील? टपरीचं म्हणाल तर पंप काय, अंगणात बसूनही मारता येतो.

शेवटचं वाक्य काकांना पटलं. पटवून घ्यायचंच होतं. पंप अंगणात बसूनही मारता येतो, हे वाक्य घोकत ते घरी आले, आणि खरं सांगायचं तर येताना त्यांना हलकं वाटलं. पुढे जन्मभर त्यांना लाज वाटली ती त्या हलकेपणाची.

टपरी काढायला अर्धा तास लागला. संघाचे दोन कामगार शिडी आणि नट खोलायचे पाने घेऊन आले. पंपशेठला वाटलं, टपरी दुरुस्तीला नेतायत. पत्रा एका बाजूने गळत होता, हे तो ताईला कितीदा म्हणाला होता. त्यामुळे तो खुशीत होता. त्याने कामगारांना शिडी धरून दिली. खोललेला प्रत्येक नट पुसून एका डब्यात टाकला, झाकण घट्ट लावलं आणि ताईच्या हातात दिला. "परत लावताना लागतील," तो म्हणाला. काका समोरच्या फुटपाथवर सायकल धरून उभे होते. नर्सबाईंनी डबा घेतला आणि हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी काका मुद्दाम नऊला गेले. पंपशेठ पायरीवर बसला होता, पंप घरात होता. काकांनी सायकल पुढे केली. त्याने चाकाकडे पाहिलंही नाही. "दुकान बंद," तो म्हणाला. "दुकान दुरुस्तीला गेलंय." बाईंनी छत्री बांधून पाहिली, टेबलावर चादर टाकून पाहिलं, उचलायची फळी तेवढी कुंपणाला अडकवून पाहिली. त्याला ते चालेना. फळी वर केल्याशिवाय दुकान उघडत नाही आणि टपरीशिवाय फळी वर होत नाही, एवढी साधी गोष्ट ताईला कळू नये याचं त्याला नवल वाटायचं. काका रोज जात राहिले. पंप अंगणात बसूनही मारता येतो, हे वाक्य त्यांनी पुन्हा कधी घोकलं नाही.

महिनाभर पंपशेठने वाट पाहिली. मग तो टपरी शोधायला निघाला. त्याचं गणित सरळ होतं. नेली आहे म्हणजे कुठेतरी ठेवली असणार. नऊ वाजले की तो फाटकाबाहेर पडायचा. पहिल्यांदा बाजारात सापडला, दुसऱ्यांदा मालधक्क्याजवळ, तिसऱ्यांदा दोन गावं पलीकडे, पायांना फोड आलेले, एका गॅरेजच्या दारात. तिथल्या पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवून तो सांगत होता की ही माझी नाही, माझी याहून लहान आहे. नर्सबाईंचे गुडघे गेलेले. फाटकाला कुलूप घातलं तर तो दिवसभर कुलपाशी बसायचा आणि जेवायचा नाही. एक दिवस त्यांच्या घरावर 'विकणे आहे' अशी पाटी लागली. पाटीचा आकार नियमाप्रमाणे होता.

पाटी पाहिली आणि काकांचा उरलासुरला धीर सुटला. वही घेऊन ते त्याच संध्याकाळी एकोणीस नंबरला गेले. बाहेरच्या खोलीत खोकी भरून ठेवली होती. बाईंनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं. आतेबहिणीच्या गावाला जातोय, त्या म्हणाल्या. तिच्या घरामागे मोकळी जागा आहे, तिथे हवी तेवढी टपरी बांधता येईल. पंपशेठ आतल्या खोलीत नटांचा डबा हलवून बघत होता, त्याचा आवाज येत होता.

काकांना प्रस्तावना जमली नाही. त्यांनी वही उघडली, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. घर क्रमांक एकोणीस, उभ्या राहून. माझा विरोध आहे. घर क्रमांक एकोणीस. लिहून घ्या. वाचून झाल्यावर त्यांनी मान वर केली नाही. तसेच वहीत बघत म्हणाले, "ताई, हे त्या दिवशीही वहीत होतं. मी वाचलं नाही. मला माझ्या कागदाची पडली होती."

एका खोक्याची दोरी सैल झाली होती, ती बाईंनी ओढून बांधली. मग म्हणाल्या, "मला काय वाचून दाखवता, भाऊ? मीच बोलले होते ते. मला पाठ आहे. तिकडे वाचायचं होतं."

"अजून वाचतो. उद्याच सभा बोलावायला लावतो. टपरी परत—"

"त्याला मी सांगितलंय, टपरी तिकडे गावाला गेलीय. तिथे भेटेल." त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पहिल्यांदाच झोपला काल रात्रभर. आता काही बदलू नका."

त्या रागावल्या असत्या, चार शब्द बोलल्या असत्या, तर काका ते झेलून मोकळे झाले असते. पण त्यांनी चहा घेणार का विचारलं. काका नको म्हणाले आणि वही मिटून बाहेर पडले. आठवड्याने एक टेम्पो आला, खोकी गेली. पंपशेठ पुढे ड्रायव्हरशेजारी बसला, मांडीवर डबा आणि दोन पायांत उभा धरलेला पंप. काकांना पाहून त्याने खिडकीतून हात बाहेर काढला आणि ओरडून सांगितलं की नवीन दुकानावर या. पत्ता त्याने सांगितला नाही आणि बाईंना विचारायची काकांना हिंमत झाली नाही.

पुढची वार्षिक सभा आली. पहिला विषय नेहमीचा, मागील सभेचे इतिवृत्त वाचणे. मागच्या सभेचं वाचून झाल्यावर काका स्वतःच उभे राहिले. आपल्याच लिखाणावर आपणच दुरुस्ती सुचवतोय असं ते म्हणाले, तेव्हा पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. काकांनी मागच्या वर्षाची वही काढली, छपराच्या ठरावाचं पान काढलं आणि ती ओळ वाचली. 'एकमताने' हा शब्द चुकीचा आहे, तिथे 'घर क्रमांक एकोणीस यांचा विरोध' असं हवं, ती चूक माझी आहे आणि सुनावणीत विचारूनही मी ती लपवली, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

सभेत थोडी कुजबुज झाली. मग मागच्या रांगेतून एक तरुण उठला. तो आणि त्याची बायको चार महिन्यांपूर्वी नव्या मालकाचे भाडेकरू म्हणून राहायला आले होते, लोक त्यांना अजून ओळखत नव्हते. तो जरा घाबरत म्हणाला की काहीतरी गैरसमज होतोय, एकोणीस नंबर आमचा आहे आणि आमचा कशालाच विरोध नाही. उगाच आमचा नंबर कागदावर नको.

अध्यक्षांनी त्याला समजावलं की हे आधीच्या रहिवाशांबद्दल आहे. तरुण म्हणाला, मग तसं लिहा. आधीच्या म्हणजे कोण, त्यांचं नाव? अध्यक्षांनी काकांकडे पाहिलं. काकांनी इतरांकडे पाहिलं. नर्सबाई, असं कुणीतरी म्हणालं. पंपशेठची ताई, दुसरं कुणी म्हणालं. अकरा वर्षं बाई त्या घरात राहिल्या होत्या, वसाहतीतल्या निम्म्या घरांत त्यांनी इंजेक्शनं दिली होती, पण नाव कुणाला आठवेना. काकांच्या सगळ्या वह्यांत त्या क्रमांक एकोणीसच होत्या.

शेवटी 'तत्कालीन रहिवासी' असं घालायचं ठरलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि विचारलं, "दुरुस्तीला कुणाचा विरोध?"

कुणाचाच नव्हता. काकांनी सभागृहभर नजर फिरवली, मागच्या रांगेपर्यंत, जिथून वर्षापूर्वी एक बाई उठली होती. तिथे आता तो तरुण बसला होता, आपला नंबर सुटला म्हणून निश्चिंत. काका खाली बसले, वही मांडीवर घेतली आणि लिहिलं, 'दुरुस्ती एकमताने मंजूर.' या वेळी ते अक्षरशः खरं होतं.